रोजकीर्द चोख, ताळेबंद कोरा : फ्रेंच वाइनच्या शौकीन राष्ट्राध्यक्षाची गोष्ट

५ डिसेंबर १९८५. लंडनमधल्या ख्रिस्तीज या नावाजलेल्या लिलावघरात एक बाटली विक्रीला आली. गडद हिरव्या काचेची, तोंडाला काळ्या लाखेचा जाड थर. लेबल नाही. काचेवर कोरलेली अक्षरं मात्र स्पष्ट होती : साल १७८७, फ्रान्समधल्या लाफीट या द्राक्षमळ्याचं नाव, आणि खाली टी-एच-जे अशी आद्याक्षरं. म्हणजे थॉमस जेफरसन. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे, पुढे त्या देशाचे तिसरे राष्ट्राध्यक्ष झालेले.

बोली सुरू झाली आणि बघता बघता १ लाख ५ हजार पौंडांवर हातोडा पडला. एका बाटलीला तोपर्यंत कुणी एवढे पैसे मोजले नव्हते. अमेरिकेतल्या फोर्ब्ज या मासिकाच्या मालकांच्या घरात ती बाटली गेली. गंमत म्हणजे जेम्स ख्रिस्ती यांनी या लिलावघराचा पहिला लिलाव केला तोही ५ डिसेंबरलाच, १७६६ साली, आणि त्या विक्रीतही वाइन होतीच.

जेफरसन यांच्या नावाशी जोडलेला आणखी एक लिलाव आहे. तो १८२७ चा. तिथे बाटल्यांवर नव्हे, माणसांवर बोली लागली. या दोन्ही लिलावांच्या मधोमध एक वही उभी आहे. त्यांनी स्वतःच्या हातानं जवळजवळ साठ वर्षं लिहिलेली जमाखर्चाची वही. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे असेल, पण मला या माणसाची गोष्ट बाटलीपेक्षा त्या वहीतून जास्त कळते. म्हणून ती तशीच सांगतो.

तंबाखू, जमीन आणि सासऱ्याचं कर्ज

थॉमस जेफरसन यांचा जन्म १३ एप्रिल १७४३ चा. अमेरिका तेव्हा देश नव्हता, इंग्रजांच्या वसाहती होत्या. त्यातल्या व्हर्जिनियात त्यांच्या वडिलांची मोठी जमीन होती. थॉमस १४ वर्षांचे असताना वडील गेले. पुढे त्यांनी कॉलेज केलं, वकिली शिकले आणि एका टेकडीवर स्वतःचं घर बांधायला घेतलं. त्या घराचं नाव मॉन्टिसेलो. हे घर ते आयुष्यभर बांधत, पाडत, पुन्हा बांधत राहिले.

व्हर्जिनियाचं मुख्य पीक तंबाखू. शेतकरी माल जहाजानं इंग्लंडला पाठवायचा, तिथला अडत्या तो विकायचा, आपलं कमिशन कापून घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत शेतकऱ्याला कापड, भांडी, फर्निचर, वाइन पाठवायचा. पैसे कमी पडले तर उधारी. दर पडले की उधारी वाढायची. निपाणीकडच्या तंबाखू उत्पादकाला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. फरक एवढाच की व्हर्जिनियातला मोठा जमीनदार स्वतः राबत नव्हता. शेतात राबायचे ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि त्यांची मुलंबाळं. त्यांना मजुरी नव्हती. कायद्यानं ती माणसं म्हणजे मालमत्ता होती, गुरांसारखी.

१७७२ मध्ये जेफरसन यांचं मार्था यांच्याशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी सासरे वारले. वारशात जमीन आली, १३५ गुलाम आले आणि सोबत इंग्रज व्यापाऱ्यांचं मोठं कर्जही आलं. कर्ज फेडायला जेफरसन यांनी जमीन विकली. पण ती उधारीवर विकली होती, आणि पैसे हातात येईपर्यंत स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं, कागदी नोटांची किंमत मातीमोल झाली. जमीन गेली, कर्ज तसंच राहिलं. तिथून पुढे कर्ज या माणसाच्या मागून कधी गेलंच नाही.

१७७६ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. सगळी माणसं जन्मतः समान आहेत, हे त्यातलं मुख्य सूत्र. ते लिहिणाऱ्याच्या मालकीची माणसं त्याच वेळी मॉन्टिसेलोच्या शेतात राबत होती. हा विरोध त्यांना दिसत नव्हता असं नाही. गुलामगिरी वाईट आहे हे त्यांनी अनेकदा लिहिलं. पण आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं त्यांच्या मालकीची होती आणि त्यातल्या मोजक्याच लोकांना त्यांनी मुक्त केलं.

द्राक्षाचा नादही याच काळातला. फिलिप मात्सेई नावाचा इटालियन गृहस्थ १७७३ मध्ये व्हर्जिनियात आला. जेफरसन यांनी त्याला शेजारची जमीन दिली, वेली लावल्या. पुढे १८०७ मध्येही त्यांनी युरोपातल्या २४ जातींच्या २८७ वेली लावून पाहिल्या. त्या वेली काही तिथे तगल्या नाहीत. अमेरिकेच्या मातीत मुळं खाणारी एक बारीक कीड होती आणि तिची तेव्हा कुणाला कल्पनाच नव्हती. हीच कीड पुढे १८६० नंतर फ्रान्समध्ये पोचली आणि तिथले मळेच्या मळे उद्ध्वस्त करून गेली. घरची वाइन जमली नाही, तेव्हा वाइन आली ती बाहेरूनच.

पॅरिसमधली पाच वर्षं

१७८२ मध्ये मार्था गेल्या. जेफरसन खचून गेले. दोन वर्षांनी सरकारनं त्यांना फ्रान्सला पाठवलं आणि १७८५ मध्ये ते तिथले अमेरिकेचे राजदूत झाले. सोबत थोरली मुलगी होती आणि जेम्स हेमिंग्ज नावाचा १९ वर्षांचा गुलाम तरुण. जेम्सला नेण्याचं कारण सरळ होतं, त्यानं फ्रेंच स्वयंपाक शिकावा. तो शिकलाही उत्तम.

पॅरिसमध्ये जेफरसन यांच्या जेवणाच्या टेबलावर सरदार, शास्त्रज्ञ, लेखक येऊ लागले. अशा टेबलावर चांगली वाइन लागतेच. बोर्दोमध्ये जॉन बाँडफील्ड नावाचा अमेरिकन प्रतिनिधी होता, त्याच्यामार्फत ते माल मागवू लागले. पगार तुटपुंजा, राहणी दरबारी. वहीत खर्चाच्या नोंदी वाढत गेल्या.

१७८६ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा उजवा मनगट मोडला. तो नीट जुळला नाही. औषधी झऱ्यांचं पाणी लाभेल, असा सल्ला मिळाला. हे निमित्त करून २८ फेब्रुवारी १७८७ ला ते दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. साडेतीन महिने फिरले. बरगंडी, ऱ्होन नदीचं खोरं, नीस, आल्प्स ओलांडून इटली, मग परत फिरून कालव्यातल्या होडीनं तुलूझकडे आणि शेवटी बोर्दो. इटलीतल्या भाताच्या बियाण्याला देशाबाहेर नेण्याची बंदी होती, तर या राजदूतसाहेबांनी ते कोटाच्या खिशात भरून आणलं.

हा माणूस नुसता चव घेत फिरत नव्हता. वेली किती अंतरावर लावतात, माती कशी आहे, मजुराला किती देतात, पिंपाचा भाव काय, हे सगळं टिपून घेत होता. बरगंडीतली त्यांची एक नोंद मला फार मोलाची वाटते. पोमार आणि वोलने या गावांत लाल वाइन होते. तिथले मजूर गव्हाची चांगली पोळी खाताना त्यांना दिसले. जवळच्याच मर्सोमध्ये पांढरी वाइन होते, तिथे मजुरांच्या ताटात राय धान्याची काळी भाकरी. त्यांनी कारण विचारलं. पांढरी वाइन जास्त वेळा बिघडते, माल पडून राहतो, मालकाच्या हाती पैसा कमी येतो, म्हणून मजुराचं ताटही कमी, असं उत्तर मिळालं. बाटलीतल्या मालाचा भाव मजुराच्या भाकरीपर्यंत कसा पोचतो, हे या माणसाला बरोबर दिसलं होतं. आपल्या घरच्या शेतातला मजूर काय खातो, हा प्रश्न मात्र टेकडीवरच राहिला.

बोर्दोतले ते दिवस

२४ मे १७८७ ला ते बोर्दोत पोचले आणि २८ तारखेपर्यंत तिथे होते. ओ-ब्रियों हा मळा त्यांनी स्वतः जाऊन पाहिला. व्यापाऱ्यांकडे, दलालांकडे चौकशी केली आणि वहीत लाल वाइनची प्रतवारी लिहून काढली. पहिल्या प्रतीचे मळे चार : मार्गो, लातूर (आपल्या लातूरशी याचा काही संबंध नाही), ओ-ब्रियों आणि लाफीट. प्रत्येकाचं वर्षाला किती उत्पन्न निघतं तेही लिहिलं. मार्गो १५० पिंपं, लातूर १२५, ओ-ब्रियों ७५, लाफीट १७५. ही पिंपं आपल्या डोळ्यांसमोर येतात तेवढी नव्हेत, एकेका मापात हजारभर बाटल्यांचा माल.

आता यातली मौज पाहा. बोर्दोच्या लाल वाइनची अधिकृत प्रतवारी १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी झाली. म्हणजे जेफरसन यांच्या नोंदीनंतर ६८ वर्षांनी. तिच्यात पहिल्या दर्जाला लावलेले मळे हेच चार. पाचवं नाव, मूतों रोथशिल्ड, त्यात वाढलं ते थेट १९७३ मध्ये. आजही जगभरच्या लिलावात जुन्या फ्रेंच लाल वाइनला मोठी बोली लागते ती बरगंडीच्या काही मळ्यांना आणि या नावांना.

ही वाइन महाग का, याचं एक कारण मुरण्यात आहे. आपल्याकडे लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, तशी ही वाइन बाटलीत मुरते. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा वर्षागणिक मऊ होतो, वास बदलतो, रंग विटकरीकडे झुकतो. पण त्यासाठी बाटली आडवी ठेवावी लागते, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. तळघर थंड लागतं, अंधारं लागतं. अठराव्या शतकात सरळ अंगाच्या बाटल्या आणि घट्ट बुचं आली, तेव्हा कुठे बाटल्या आडव्या रचून वर्षानुवर्षं ठेवणं जमू लागलं. आणि प्रत्येक वाइन कितीही मुरते असंही नाही. जेफरसन यांनीच टिपून ठेवलंय की ठराविक वयानंतर प्रत्येक लाल वाइन उतरणीला लागते, आणि बोर्दोची साधारण सात वर्षांनी. आज चांगल्या सालची बोर्दो त्याहून खूप जास्त टिकते. पण सात वर्षं लिहिणाऱ्या माणसाच्या नावानं १९८ वर्षांची बाटली विकली गेली, हे लक्षात ठेवू या.

दुसरी गोष्ट त्यांना कळली ती भेसळीची. त्या काळी मळ्यातून वाइन पिंपात भरून व्यापाऱ्याकडे जायची आणि बाटल्या तो भरायचा. मधल्या मध्ये हलका माल मिसळायचा, किंवा रंग आणि जोर यावा म्हणून दुसऱ्या प्रांतातली गडद वाइन ओतायची, हे सर्रास चालायचं. म्हणून जेफरसन यांनी नियम केला : माल थेट मळ्याच्या मालकाकडून घ्यायचा आणि बाटल्याही मळ्यावरच भरून घ्यायच्या. लाफीटच्या मालकाला त्यांनी १७८४ सालच्या वाइनसाठी थेट पत्र लिहिलं. ओ-ब्रियोंच्या सहा डझन बाटल्या आपल्या मेव्हण्यांना व्हर्जिनियात पाठवल्या. मळ्यावरच बाटली भरण्याची पद्धत बोर्दोत रुळायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली.

राष्ट्राध्यक्षांचं वाइनचं बिल

१७८९ च्या शरद ऋतूत, फ्रान्समध्ये क्रांती पेटलेली असताना, जेफरसन मायदेशी परतले. मागाहून ८६ पेट्या सामान आलं. चित्रं, आरसे, खुर्च्या, पुस्तकं, स्वयंपाकाची भांडी. नव्या सरकारात ते परराष्ट्रमंत्री झाले. पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरची वाइनही तेच मागवून देऊ लागले. १७९० मध्ये त्यांनी एक मोठी ऑर्डर पाठवली, राष्ट्राध्यक्षांसाठी आणि स्वतःसाठी. दोघांचा माल मिसळू नये म्हणून पेट्यांवर दोघांची आद्याक्षरं घालायला सांगितली. ही आद्याक्षरांची गोष्ट पुढे लागणार आहे.

१८०१ मध्ये ते स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले आणि आठ वर्षं राहिले. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरला घेतला आणि देशाचा आकार जवळजवळ दुप्पट केला. पगार वर्षाला २५ हजार डॉलर, पण त्यातूनच घरखर्च, नोकरचाकर, पाहुण्यांची जेवणं. सरकार वेगळा भत्ता देत नसे. आठ वर्षांत वाइनवर १० हजार डॉलरच्या वर गेले. विरोधी पक्षाच्या खासदारालाही त्यांच्या टेबलावर बसवून राजकारण होत होतं, त्यामुळे हा सगळा खर्च चैनीचा म्हणता येणार नाही. पण खिसा स्वतःचा होता आणि तो आधीच फाटका होता.

वाइनबद्दल त्यांचं एक धोरणही होतं. स्वस्त आणि महाग वाइनवर सारखी जकात लावली तर गरीब माणूस व्हिस्कीकडेच वळणार, म्हणून स्वस्त वाइनवरची जकात कमी ठेवा, असा त्यांचा आग्रह असे. जेवणासोबत हलकी वाइन घेणारा देश दारुडा होत नाही, हे त्यांचं मत. ते बरोबर की चूक हा वेगळा विषय.

या जेवणांमागे राबणारे हातही पाहायला हवेत. जेम्स हेमिंग्ज यांना १७९६ मध्ये मुक्ती मिळाली, पण आधी आपल्या भावाला सगळा स्वयंपाक शिकवण्याची अट पाळून. १८०२ मध्ये मॉन्टिसेलोहून एडिथ नावाची १५ वर्षांची गुलाम मुलगी राष्ट्राध्यक्षांच्या घरी आणली गेली. फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली ती तयार झाली. महिन्याला २ डॉलर बक्षिसी, पगार नाही. तिचा नवरा जो फॉसेट हा लोहार, तो मॉन्टिसेलोतच. १८०६ मध्ये बायकोला भेटायला तो न विचारता वॉशिंग्टनला निघून गेला. जेफरसन यांनी त्याच्यामागे माणूस पाठवला आणि धरून परत आणवला.

१८०९ मध्ये जेफरसन मॉन्टिसेलोला कायमचे परतले. एडिथ तिथल्या स्वयंपाकघराची प्रमुख झाली. जेवणघराखाली वाइनचं तळघर होतं. जेवणघराच्या शेकोटीच्या दोन्ही अंगांना भिंतीत छोटे पाळणे बसवले होते. खाली माणूस बाटली ठेवायचा, वर दार उघडलं की बाटली हजर. पाहुण्यांना बाटली दिसायची, ठेवणारा दिसायचा नाही.

उतरणीची वर्षं

राष्ट्राध्यक्षपद सुटलं तेव्हा वहीत बघून जेफरसन यांना धक्का बसला. आपल्याला वाटत होतं त्याहून हजारो डॉलरनी कर्ज जास्त निघालं. आता कुणी म्हणेल, रोजचा खर्च लिहिणाऱ्याला हे कळलं कसं नाही? उत्तर कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही येईल. ही वही रोजकीर्द होती. आज काय दिलं, कुणाला दिलं, कशासाठी दिलं, सगळं तारीखवार. पण खतावणी घालून, देणं आणि येणं समोरासमोर मांडून, वर्षाच्या शेवटी ताळेबंद काढायचा असतो, तो त्यांनी काढलाच नाही. भिकाऱ्याला दिलेलं नाणंही लिहिलेलं, पण एकूण देणं किती ते कुठेच नाही.

१८१५ मध्ये त्यांनी आपली ६,४८७ पुस्तकं देशाच्या संसदेला विकली. इंग्रजांनी संसदेचं ग्रंथालय जाळलं होतं, त्याच्या जागी ही गेली. २३,९५० डॉलर आले. बहुतेक रक्कम सावकारांकडे गेली आणि आजोबा लगेच नवी पुस्तकं घ्यायला लागले. वाइन मात्र आता बदलली. बोर्दोचे पहिल्या प्रतीचे मळे परवडेनासे झाले. मार्सेयच्या आपल्या जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून ते दक्षिण फ्रान्सची, रूसियों, लिमू, नीस इकडची साधी वाइन मागवू लागले, आणि तिचंही तितकंच कौतुक करत राहिले. जिभेला किमतीचं देणंघेणं नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

१८१९ मध्ये बाजार कोसळला. एका जवळच्या व्याह्याच्या २० हजार डॉलरच्या कर्जाला जेफरसन जामीन राहिले होते. तो बुडाला आणि वर्षभरात वारलाही. कर्ज यांच्या डोक्यावर आलं. जामीन राहून बुडालेली घरं आपल्या गावातही प्रत्येकानं पाहिली आहेत. त्याच वर्षी त्यांनी उभारलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाला मान्यता मिळाली. एका हातानं देशाला विद्यापीठ, दुसऱ्या हातानं सावकाराला व्याज. १८२६ मध्ये मालमत्तेची लॉटरी काढून कर्ज फेडायची परवानगीही मिळवली, पण ती तडीस गेली नाही.

४ जुलै १८२६ ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, ८३ व्या वर्षी ते गेले. कर्ज होतं १ लाख ७ हजार डॉलरच्या वर.

१५ जानेवारी १८२७

मृत्युपत्रात त्यांनी पाच जणांना मुक्त केलं. त्यात जो फॉसेट होते. सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीची मॅडिसन आणि एस्टन ही दोन मुलंही होती. ती जेफरसन यांचीच मुलं, हे आज बहुतेक इतिहासकार मान्य करतात. जो फॉसेट यांची बायको एडिथ आणि मुलं मात्र त्या यादीत नव्हती.

१५ जानेवारी १८२७ ला, ऐन थंडीत, मॉन्टिसेलोच्या टेकडीवर लिलाव सुरू झाला. जाहिरातीत १३० गुलाम, गुरंढोरं, धान्य, शेतीची अवजारं आणि घरातलं सामान असं एका दमात छापलं होतं. आपल्याकडे पेपरात बँकेच्या लिलावाच्या नोटिसा येतात, तशीच ती नोटीस. चौदा वर्षांहून जास्त काळ ज्यांच्या हातचं पाहुणे जेवले, त्या एडिथ आणि त्यांची मुलं वेगवेगळ्या बोलीदारांकडे गेली. मुलगा पीटर तेव्हा ११ वर्षांचा.

जो फॉसेट यांना कागदोपत्री मुक्ती मिळायला अजून सहा महिने होते. समोर आपलं घर वाटलं जाताना त्यांनी पाहिलं. पुढची वर्षं त्यांनी लोहारकाम करून, ओळखीच्यांची मदत घेऊन बायकोला आणि काही मुलांना विकत घेऊन सोडवलं, आणि मग ते ओहायोत सिनसिनाटीला गेले. पीटरला सोडवता आलं नाही. त्यानं पळून जायचे प्रयत्न केले, पकडला गेला, पुन्हा विकला गेला. शेवटी १८५० मध्ये तो सुटला. सिनसिनाटीत पीटर फॉसेट यांनी मेजवान्यांच्या जेवणाचा व्यवसाय केला, चर्चचे धर्मोपदेशक झाले आणि १९०० साली, म्हातारपणी, मॉन्टिसेलोला एकदा पाहुणे म्हणून जाऊन आले.

एवढं विकूनही कर्ज फिटलं नाही. थोरल्या मुलीला आणि नातवंडांना घर सोडावं लागलं. नातू वर्षानुवर्षं आजोबांचं देणं फेडत राहिला.

आणि त्या बाटलीचं काय झालं?

पुन्हा १९८५ कडे येऊ. ती बाटली विकायला आणणारे हार्डी रोडनस्टॉक हे जर्मन संग्राहक. पॅरिसमधल्या एका जुन्या घरात, भिंतीमागे बुजलेल्या तळघरात अशा बऱ्याच बाटल्या सापडल्या, असं त्यांचं म्हणणं. घर कुठलं, किती बाटल्या, कुणी काढल्या, हे त्यांनी सांगितलं नाही. जुन्या वाइनच्या लिलावात सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे माल कुणाकडून कुणाकडे आला त्याचा माग. जमिनीला जसा सातबारा, तसा. इथे तो नव्हता. तरी बोली लागली, कारण नाव मोठं होतं.

मॉन्टिसेलोतल्या संशोधकांनी त्याच वर्षी वही उघडली. जेफरसन यांनी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती, मिळालेली पत्रं, जकातीच्या पावत्या, रोजकीर्द, सगळं शाबूत होतं. त्यात १७८७ सालच्या लाफीटची एकही नोंद नव्हती. आद्याक्षरं घालायला सांगितली होती ती पेट्यांवर. प्रत्येक बाटलीच्या काचेवर कोरायला सांगितल्याचं कुठे दिसत नव्हतं. हे सांगूनही बाजार थांबला नाही. फोर्ब्ज यांनी ती बाटली प्रदर्शनात दिव्याखाली उभी ठेवली. उष्णतेनं बूच सुकलं आणि आत घसरलं. अशीच दुसरी, मार्गोची, १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मेजवानीत धक्का लागून फुटली.

विल्यम कोक या अमेरिकन उद्योगपतींनी १९८८ मध्ये अशा चार बाटल्या जवळपास पाच लाख डॉलरला घेतल्या होत्या. २००५ मध्ये संग्रहालयात प्रदर्शन भरवायचं म्हणून त्यांनी कागदपत्रं मागवली, तेव्हा मॉन्टिसेलोचा नकार समोर आला. त्यांनी निवृत्त एफबीआय अधिकारी कामाला लावले. अक्षरं विजेवर चालणाऱ्या यंत्रानं कोरल्यासारखी आहेत, असं काचेच्या तज्ज्ञांनी सांगितलं. अठराव्या शतकात वीज कुठली? कोक कोर्टात गेले. रोडनस्टॉक यांनी आरोप शेवटपर्यंत फेटाळले आणि २०१८ मध्ये ते वारले. पण त्या बाटल्या जेफरसन यांच्या, असं आज जाणकार मानत नाहीत.

म्हणजे ज्या वहीनं मालकाला त्याचं कर्ज दाखवलं नाही, त्याच वहीनं दीडशेच्या वर वर्षांनी त्याच्या नावावरची खोटी बाटली उघडी पाडली. नोंद खरी असली की ती कधी ना कधी उपयोगी पडतेच, फक्त वेळेवर बेरीज केली तर आपल्याला, नाही तर दुसऱ्या कुणाला.

आणखी एक. एडिथ, पीटर आणि बाकीच्या शेकडो जणांची नावंही आज कळतात ती याच माणसाच्या वह्यांतून. कुणाला किती कापड दिलं, किती मासे दिले, कुणाला कधी मूल झालं, हे त्यांनी शेतीच्या वहीत मालमत्ता म्हणून लिहून ठेवलं होतं. फॉसेट आणि हेमिंग्ज घराण्यांचे वंशज आज मॉन्टिसेलोत येतात आणि त्या पानांवर आपल्या पणजोबा-खापरपणजोबांची नावं शोधतात. १ लाख ५ हजार पौंडांच्या त्या बाटलीची नोंद वहीत नाही. या माणसांची आहे.